बद्द वाजणारी तलवार

अब्बा धार लावायच्या चाकाशी रस्त्याकडे पाठ करून बसायचे. गिऱ्हाइकाने ओट्यावर जिन्नस टाकला की मागे वळून न बघता सांगायचे, "कोयता. मूठ ढिली झालीय," किंवा "कात्री. मधली रिवेट झिजली." आणि तसंच निघायचं. लोखंडाला जीभ असते आणि ते खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पुढे तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इतक्या खात्रीने बोलणारा माणूस मला शिक्षण खात्यातसुद्धा भेटला नाही, आणि तिथे खात्रीने बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. नगरात झेंडीगेटच्या आत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चूल, अम्मी, मी आणि माझी कॉलेजची पुस्तकं. दिवसभर चाकाचा किर्रर्र आवाज असायचा. तो थांबला की अम्मी चुलीपासून मान वर करून विचारायची, काय झालं? घरात आम्ही दखनी बोलायचो. ती इथे तशीच उतरवली तर निम्म्या वाचकांना हसू येईल आणि निम्म्यांना कळणार नाही, म्हणून घरचं बोलणंही मराठीतच लिहिते.

आम्ही शिकलगार. तलवारी-कट्यारींवरचा गंज काढून त्यांना झळाळी आणायची, म्हणजे शिकल करायची, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तलवारींचे दिवस गेले आणि हाती विळे, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे उरले. पण दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस मात्र अब्बा पुन्हा खरे शिकलगार व्हायचे. खंडेनवमीला घरोघरची शस्त्रं पूजेला मांडतात, त्यासाठी पाटलांच्या, देशमुखांच्या, जुन्या सरदारांच्या तलवारी धान्याच्या कणगीमागून निघून आमच्या ओट्यावर येत. पात्यांचं काम अब्बांचं आणि मुठींचं माझं. मऊ फडकं, तेलाचा एक थेंब आणि खाचांतला मळ काढायला बाभळीचा काटा, एवढंच माझं सामान. मूठ कशाची आहे हे ओळखायला मी लहानपणीच शिकले होते. हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके दिसतात, ती हाडातली भोकं. हस्तिदंतावर ठिपके नसतात. त्याच्या कापलेल्या टोकाशी उजेडात बघितलं तर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. जुनं झालं की ते मुरलेल्या तुपासारखं पिवळं होतं, आणि हा पिवळेपणा घासून काढणाऱ्याला अब्बा गाढव म्हणत.

मी सांगतेय ते दुष्काळाचं वर्ष. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि तव्यावर विटेच्या रंगाची व्हायची. अम्मी ती आमच्या पुढ्यात ठेवताना दरवेळी म्हणायची, हे त्यांच्या घोड्यांचं आहे, घोड्यांची माफी मागून खा. आम्ही ती लसणाच्या चटणीशी खात होतो. अब्बांकडे त्या वर्षी कोयते कमी आणि कुदळी, पहारी जास्त येत होत्या, कारण अर्धा जिल्हा खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेला होता.

त्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी हवालदार नाना आले. प्रवरासंगमाजवळच्या एका खेड्यातले हे शेतकरी इंग्रजांच्या पलटणीत हवालदार होऊन निवृत्त झालेले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, पायात पलटणीच्या वळणाचे बूट. काखेत जुन्या फेट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इतकी वर्षं ते स्वतःच राखेने घासत होते, पण यंदा गंजाचे डाग जाईनात म्हणून आले होते. फेटा सुटला आणि अब्बांनी चाक थांबवलं. अशी तलवार आम्ही कुणीच पाहिली नव्हती. पातं दुधारी होतं, मुठीपासून अर्ध्यापर्यंत सापासारखं नागमोडी आणि पुढे टोकापर्यंत सरळ. मुठीजवळ ते एकदम रुंद होत होतं, आणि तिथे एका बाजूला सोंड उचललेल्या हत्तीसारखी नक्षी कापलेली होती. मुठीवर रुप्याची तार गुंडाळलेली. पण खरी नजर ठरत होती ती मुठीच्या डोक्यावर. ते एका पक्ष्याचं डोकं होतं, वर तुरा आणि खाली वाकडी चोच. मी टोकाशी बघितलं, जाळी होती. हस्तिदंत, आणि चांगलं जुनं. कोरणाऱ्याने डोळा कोरलाच नव्हता, तरी तो पक्षी आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. मला ती मूठ इतकी आवडली की हात लावायला संकोच वाटला.

नानांनी मग तिची गोष्ट सांगितली. ती त्यांनी गावात शंभरदा सांगितली असणार, कारण कुठे थांबायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. लढाई संपल्यावर त्यांची पलटण बोर्निओच्या किनाऱ्यावर पाठवली होती. तिथे होडीवर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची नात तापाने फणफणली होती, तिला नानांनी आपल्या वाटणीच्या क्विनाइनच्या गोळ्या आणि तांदूळ दिले. पोर वाचली. पलटण निघायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याने ही तलवार आणून दोन्ही हातांनी पुढे धरली. भाषा एकमेकांना येत नव्हती. म्हाताऱ्याने पक्ष्याच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काकातुआ." नाना हसूच लागले. काकाकुवा! गावच्या जत्रेत पिंजऱ्यात बघितलेला पांढरा पक्षी. सात समुद्रांपलीकडच्या माणसाच्या तोंडी आपला शब्द. मग म्हाताऱ्याचं बोट खाली पात्याच्या मुळाशी आलं, तिथे तो दोनतीनदा चोळत राहिला आणि म्हणाला, "गंगा."

"आमचा मुलूख गंगेकाठचा," नाना अब्बांना म्हणाले, "त्याला कुनी सांगितलं आसंल? पन म्हनला. ह्या कानानं ऐकलंय मी."

आमच्या जिल्ह्यात गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. या एका शब्दावर नानांची गावातली किंमत उभी होती. खंडेनवमीला गाव त्यांच्या अंगणात जमायचा, नाना तलवारीला गंध-फूल वाहायचे आणि ही गोष्ट सांगायचे. चहाचा कप तसाच ठेवून ते हे सगळं सांगत होते आणि अब्बा ऐकता ऐकता पातं आडवं धरून बोटाच्या पेराने ठोकत होते. चांगलं पातं घंटेसारखं वाजतं. हे वाजलं नाही. तडा गेलेलं मडकं वाजतं तसं बद्द झालं. अब्बांनी पुन्हा ठोकलं. मग मुठीखाली नख फिरवलं आणि एका जागी ते अडलं. तिथे पात्याच्या आरपार एक बारीक रेघ होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. अब्बांनी तलवार फडक्यावर ठेवली आणि म्हणाले, "हवालदार, राग नका धरू. ही मोडल्याली हाय. मुठीपाशी मोडली, मंग कुनीतरी दुसरा तुकडा लावून जोडली. कारागीर बेस हुता, पन जोड त्यो जोड."

भंगलेली मूर्ती पूजत नाहीत आणि भंगलेलं शस्त्रही पूजत नाहीत, ते वाहत्या पाण्यात सोडतात, हे नानांना अब्बांनी सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "आत्ता कळलं त्यो गंगा का म्हनला ते. मोडकी हाय, गंगेत सोड म्हनत हुता. आन मी येड्यावानी पंचवीस वरसं फुलं वाहिली." त्यांनी स्वतःच्या हाताने फेटा गुंडाळला. शिकल करू का, असं अब्बांनी विचारलं, तर नको म्हणाले. यंदा गंगेला पाणी नव्हतं, नुसती वाळू होती. पाणी आलं की सोडतो, असं सांगून ते गेले.

आता माझं सांगते. नाना गोष्ट सांगत होते तेव्हा, अब्बांनी पातं हातात घ्यायच्या आधी, मी काट्याने त्याच रेघेतला मळ काढला होता. ती रेघ पात्यावर सरळ जात होती आणि शेवटी, काठाजवळ, नेमकी तिरकी होऊन खाली वळत होती. मोडलेलं लोखंड असं वळण घेऊन मोडत नाही. त्यात डाग देऊन जोडल्याचं पितळ किंवा जस्त नव्हतं. वरची हत्तीच्या सोंडेची नक्षी त्या रेघेशी जुळवून कापलेली होती. म्हणजे कोरणाऱ्याला ती रेघ आधीपासून ठाऊक होती. हे सगळं माझ्या काट्याच्या टोकाला कळलं होतं, पण तोंडून शब्द फुटला नाही. अब्बांच्या शब्दापुढे बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. अम्मी फक्त भाकरीवरून बोलायची, आणि मी तेवढंही नाही. मी एवढंच केलं की त्या संध्याकाळी आठवून आठवून वहीत ती मूठ काढली, पक्षी काढला, नक्षी काढली आणि खाली ती वळणारी रेघ.

त्यानंतरचे महिने कुदळींचे गेले. नानांच्या बाजूचे लोक पहारी शेवटून, म्हणजे बोथट टोकं पुन्हा काढून, घ्यायला यायचे, त्यांच्याकडून कळायचं. नाना पाझर तलावाच्या कामावर मुकादम झाले होते. दसऱ्याला त्यांनी तलवार बाहेर काढली नाही. लोकांना करमणूक हवीच असते, दुष्काळात तर जास्तच. "नागमोडीची मोडकी झाली" असं पोरंटोरं त्यांच्या पाठीमागे म्हणायची. बोर्निओला गेला होता की भंगारवाल्याकडे, असंही कुणी म्हणालं. सांगणारा हसत सांगत होता. अब्बा हसले नाहीत. खरं सांगितलं त्यात माझं काय चुकलं, असं ते त्या रात्री जेवताना अम्मीला म्हणाले. अम्मीने विचारलं नव्हतं.

पुढच्या आषाढात कॉलेज सुरू झालं. इतिहासाच्या बाईंनी माझी वही तपासताना मागच्या पानावरचं चित्र बघितलं. ही मूठ तू कुठे बघितलीस, म्हणाल्या. मी भीतभीत सांगितलं. त्यांनी मला हाताला धरून वाचनालयात नेलं आणि खालच्या फळीवरून एक भलंमोठं पुस्तक ओढलं. देशोदेशींच्या शस्त्रांची चित्रं होती त्यात. एका पानावर शेजारी शेजारी चार तलवारी. चारही नागमोडी, चौघींच्या पात्याच्या मुळाशी तीच वळणारी रेघ, चौघींच्या डोक्यावर तुरेवाला पक्षी, दोन लाकडाचे, दोन हस्तिदंताचे. खाली लिहिलं होतं की या मोरो लोकांच्या तलवारी, बोर्निओशेजारच्या सुलू बेटांवरच्या. हे लोक दर्यावर्दी मुसलमान आहेत. मुठीवरच्या पक्ष्याला काकातुआ म्हणतात. आणि पात्याच्या मुळाशी वेगळा घडवून बसवलेला लोखंडाचा तुकडा असतो, त्याला गांग्या म्हणतात. जुन्या तलवारींत तो खरोखर वेगळा असतो. नंतरचे कारागीर अख्खं पातं एकच घडवू लागले आणि रीत म्हणून नुसती रेघ ओढू लागले. तेव्हा खरा जोड दिसला तर तलवार जुनी समजावी. अब्बांनी जी खोट म्हणून दाखवली होती तीच तिच्या जुनेपणाची खूण होती.

घरी आले तर अब्बा पहार शेवटत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चाक थांबवलं नाही. "पुस्तकातलं लोखंड वाजवून बघितलंस का?" एवढंच म्हणाले, आणि त्यातला राग मला चांगला कळला. दुसरी कुठली वेळ असती तर मी चुलीकडे गेले असते. पण ओट्यावर एक एस.टी. कंडक्टर अडकित्ता घेऊन बसला होता आणि तो सांगत होता की नाशकाकडे मुबलक पाऊस झाला, गंगेला पाणी निघालंय, प्रवरासंगमाला लोक नारळ घेऊन चाललेत. आमच्याकडे आभाळ तसंच कोरडं होतं. मला नानांचं वाक्य आठवलं, पाणी आलं की सोडतो.

"चार होत्या, अब्बा," मी म्हणाले. "चौघींना एकाच जागी रेघ. चौघी एकाच जागी कशा मोडतील?"

चाक थांबलं. अम्मी दारात आली, पण तिने या वेळी काही विचारलं नाही. कंडक्टर अडकित्ता घेऊन गेला तरी अब्बा तसेच बसून होते. मग मला म्हणाले, ती रेघ काढून दाखव. मी पाटीवर काढली, सरळ, आणि शेवटी खाली वळणारी. त्यांनी आपलं नख त्या खडूच्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. नख वळणावर थांबलं. रात्री ते जेवले नाहीत. पहाटे नमाज पढून आले तेव्हा त्यांच्या अंगावर ईदचा कुडता होता. चल, म्हणाले.

संगमाच्या पुलावरून पाणी दिसलं, गढूळ, काठोकाठ. एसटीतल्या बायांनी खिडकीतून हात जोडले. नाना घरी नव्हते, कामावर होते. आम्ही शेतांतून चालत पाझर तलावावर पोचलो तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. दीडदोनशे माणसं मातीच्या ढिगांच्या सावलीला बसून लाल भाकरी खात होती. नाना एका दगडावर हजेरीचं बुक घेऊन बसले होते. वर्षात बरेच वाळले होते. तलवार सोडलीत का, असं अब्बांनी विचारलं. नाना म्हणाले, परवा पुनव आहे, परवा सोडणार.

एखाद्याने नानांना बाजूला नेऊन कानात सांगितलं असतं. मीही तेच धरून चालले होते. अब्बांनी तसं केलं नाही. ज्या लोकांनी मोडकी म्हणून चेष्टा केली त्यांच्यापुढेच ते उभे राहिले, आणि दुकानात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "हवालदार, तुमची तलवार मोडल्याली न्हाई. ती घडवतानाच दोन तुकड्यांची घडवत्यात. जितकी जुनी तितका जोड खरा. मला ठावं नव्हतं, आन ठावं न्हाई हे म्हनायची मला लाज वाटली, म्हनून मी मोडकी म्हनालो. चूक माझी हाय. मला माफ करा."

भाकरी मोडायचे आवाज थांबले होते. नाना उठले, पुन्हा बसले. "वरीसभर गोठ्यात टांगली मी ती, उस्ताद," ते म्हणाले. "शेणाच्या पाटीशेजारी." आणि तो पलटणीतला माणूस सगळ्यांसमोर फेट्याच्या शेवाने डोळे पुसू लागला. अब्बा मान खाली घालून उभे होते. त्यांना तसं उभं बघायची मला सवय नव्हती आणि मला ते सहन होत नव्हतं.

थोड्या वेळाने नानांनी विचारलं, "मंग त्यो गंगा का म्हनला?"

उत्तर मला येत होतं. तो गंगा म्हणालाच नव्हता, तुमचे कान चुकले, शब्द गांग्या असा आहे, पुस्तकात छापलाय. अठरा वर्षांचं वय आणि नुकतीच हाताशी आलेली विद्या. मी तोंड उघडलंसुद्धा. अब्बांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"त्या जागेचं नाव हाय ते," अब्बा म्हणाले. "दोन लोखंडं जितं मिळत्यात, त्या जागेला ती लोकं तसंच म्हनत्यात."

नाना नदीच्या दिशेने बघत राहिले. तिथून प्रवरा आणि गंगा मिळतात ती जागा दिसत नाही, पण त्यांना ती कुठे आहे हे ठाऊक होतं. "दोन मिळत्यात ती जागा," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग बराबर म्हनला की त्यो." त्यांनी पोराला गोठ्यातून तलवार आणायला धाडलं, आणि आम्हाला भाकरी खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही. ती मिलोचीच होती. अब्बांनी ती कोर न कोर संपवली.

परतीच्या गाडीत आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. घोडेगाव मागे पडलं. मला वाटत होतं, आता मला शाबासकी मिळेल. मग त्यांनी विचारलं, ती रेघ वळते, हे तू दसऱ्यालाच बघितलं होतंस ना?

हो, मी म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा शब्द होता, अब्बा."

ते खिडकीबाहेर करपलेली शेतं बघत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझ्या शब्दाला तू घाबरलीस," ते म्हणाले, "आणि वर्षभर लोक हसले त्या म्हाताऱ्याला."

मला रडू फुटलं. त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. नगर येईपर्यंत मी रडत होते आणि ते माझा हात धरून बसले होते.